मोठ्यानं वाचलेली यादी

किसननानांसमोर कुठलाही कागद मनातल्या मनात वाचायची सोय नाही. लग्नपत्रिका असो की औषधाची चिठ्ठी, "मोठ्यानं वाच!" म्हणून ओरडतात. माझा मूळव्याधीचा रिपोर्टसुद्धा या गृहस्थांनी भर पारावर वाचायला लावला. वर म्हणतात, "मनात वाचल्याला साक्षीदार कोन?" मिरजगावच्या बाजारात लोक अजून मला "आता कसं हाय?" असं विचारतात.

माझं झेरॉक्सचं दुकान आणि नानांचं घर शेजारी-शेजारी. त्यामुळे सगळा ताप मलाच.

यंदा अतिवृष्टीने शिवार पार धुऊन नेलं. अनुदानाची यादी आली आणि तलाठ्याच्या कपाटात जाऊन बसली. आमच्या गल्लीतल्या सुमनचा कांदा पाण्यात सडला होता. नवरा नाही, आणि पंचनाम्याची माणसं आली तोवर बिचारी ऊसतोडीला गेलेली. यादीत आपलं नाव आहे का, एवढंच विचारायला ती कारखान्यावरून आली, तर कुणी दाद देईना.

नाना चावडीवर थडकले. तलाठी म्हणाला, "नाना, यादी ऑनलाइन आहे."

"मंग त्या ऑनलाइनला ग्रामसभेत बोलवा, भाऊसाहेब!"

शेवटी यादी ग्रामसभेत आली. वाचायला कोण? अर्थात मी! एकेक नाव, गट, क्षेत्र असं वाचत सरपंचांच्या मेव्हण्यापाशी आलो. अर्ध्या एकराचा हा धनी यादीत पाच एकरांवर चढलेला. नाना उठले, "आरं, पुरात समद्यांचं रान वाहून गेलं, ह्याचं वाढलं कसं?" सभा खो-खो हसली. मेव्हणा चप्पल शोधायला लागला.

यादी संपली. सुमनचं नाव नव्हतंच.

"हिचा सडल्याला कांदा कुनी कुनी पाह्यला?" नानांनी विचारलं. सगळ्या सभेचे हात वर! तलाठ्याने तिथेच जबाब घेतले, पुरवणी यादीत पहिलं नाव सुमनचं लिहिलं. ती पदरात तोंड लपवून रडली आणि अहो, टाळ्या पडल्या! आमच्या ग्रामसभेत एरवी कोरम भरत नाही. मी तर शिट्टी मारली, या वयात.

नाना मात्र माझ्याकडे बघत होते. "बाविसावं नाव गाळलंस तू."

गाळलं होतं खरं. त्यांनी कागद घेतला आणि स्वतःच वाचलं, "भागीरथी किसन. मयत हाय. काढा."

तलाठी हळूच म्हणाला, "नाना, काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. वारसनोंद का नाही केली?"

नानांनी कागदाची घडी घातली, परत उघडली.

"सातबाऱ्यावर आमी दोघंच हुतो, भाऊसाहेब. तिचं काढलं की मी एकटाच ऱ्हातो."