लेओकादिया आजीसाहेब दर्यास पोहोचल्या त्याची हकीकत

आरंभी आकाशास नमस्कार, कारण पोलंड देशी ते कधी फाटेल याचा भरवसा नाही. मग वाऱ्यास मुजरा, कारण तो कोणाची चाकरी करीत नाही. आणि मग वाचणारांस विनंती ऐसीजे, वेबा बंदरी जुलै मासी जे रण माजले, कापडाचे कोट उभे राहिले, खुंटांवर हातोडे पडले, आणि एका वृद्ध बाईसाहेबांचे पाय कैसे ओले जाहले, तो मजकूर साद्यंत लिहिला आहे, तो बसोन वाचावा. उभ्याने वाचल्यास कंबर धरते.

पोलंडचे लोक कैसे, ऐसे परमुलखी पुसले असता तीन गोष्टी सांगतात. एक, हे लोक हसत नाहीत. दुसरी, हे लोक अष्टौप्रहर कुरकुर करितात. तिसरी, उन्हाळ्यात बाल्टिक दर्याचे किनारी जाऊन हे लोक वाळूत खुंट ठोकितात, त्यांस पट्ट्यापट्ट्यांचे कापड ताणितात, आणि आत बसोन शेजाऱ्यास पाठ दावितात. या गोष्टींची बहुत चौकशी करविली. तिन्ही खऱ्या निघाल्या. सबब इन्कारात कागद न नासता मूळ हकीकतीस हात घालतो.

रादोम शहरीचे राजमान्य राजश्री बोगुमिलराव दरसाल सहकुटुंब वेब्यास स्वारी करीत, आणि कापडी कोट उभारण्यात त्यांची बरोबरी किनाऱ्यावर कोणी करीत नसे. परंतु या साली मुक्कामी पोहोचताच मोटारीतून तेच कापड उतरविताना त्यांचे कमरेत उसण भरली, आणि राजश्री जे वाकले ते वाकलेच राहिले. मग खाटेवर कुशीस पडोन त्यांनी फर्मान काढिले की मोहिमेची सरदारी धाकटी कन्या योविता इजकडे दिली असे, हातोडा तीस द्यावा, आणि खुंट तिरपे ठोकू नयेत. योविताबाई, उमर पंधरा, थोरल्या शाळेत नुकतेच नाव दाखल जाहलेल्या, हातोडा घेऊन आरशापुढे उभ्या राहिल्या आणि हलकेच तीन वेळा "सरदार" ऐसे म्हणाल्या, आणि मग थोरली बहीण मालविना दारातून बघते आहे हे ध्यानी येऊन हातोड्याने केस सारखे करू लागल्या.

सरदारी मिळाली खरी, परंतु तीसोबत लेओकादिया आजीसाहेबही वाट्यास आल्या. आजीसाहेबांची उमर एक्याऐंशी, जबान तलवारीची, परंतु दोन्ही गुडघे फितूर. अकरा साले दर्या पाहिला नव्हता. यंदा रादोमीहून निघताना त्यांनी मोजे काढोन, नखे कापोन, पाय तयार करोन ठेविले होते, हे घरी सर्वांस ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते. आता मुलूख ऐसा की देवदाराचे झाडीतून लाकडी जिना उतरतो, आणि शेवटल्या पायरीपासून पाणी सरळ रेषेत चाळीस पावले. चाळीस पावलांस गुडघे राजी होते. एक्केचाळिसास नव्हते.

आणि त्याच चाळीस पावलांवर तीन दिवस गनीम बसला होता. कोळशाचे मुलखातील ग्लिवित्से शहरीचे पेन्शनदार गेरार्दराव, आणि त्यांचे कुटुंब त्रुदाबाई, यांनी पायरीचे पायथ्यापासून थेट लाटेपर्यंत ऐसा निळा-पिवळा कोट ताणिला होता की मुंगीस वाट नव्हती. वळसा घालावा तर भुसभुशीत वाळूतून सव्वाशे पावले. मग आजीसाहेब भाड्याचे खोलीत बसोन शब्दकोडी सोडवीत, आणि रोज सकाळी मंडळी निघाली की चष्म्यावरून बघत म्हणत, "माझं काय एवढं. तुम्ही जा, मजा करा. मी बसते इथं, भिंत बघत." हे अस्त्र पोलंडातील आज्यांपाशीच असते, आणि त्याचा उतारा कोणा वैद्यापाशी नाही. तीन दिवस ते योविताबाईंचे काळजात रुतले. शनिवारी परत रादोमीस कूच ठरलेले. उरला तो एक शुक्रवार.

गुरुवारी सायंकाळी मसलत बसली. मसलतीस मालविनाताईंचा फिरंगीही होता. ताईंनी क्राकोव शहरी विद्या शिकता शिकता तो पसंत केला होता, पोर्तुगाल मुलखीचा, नाव दुआर्त. पोलंडची भाषा बरी बोले, स्वभावे गोड, खाण्यास कमी नाही म्हणे, परंतु एक खोड होती, विनाकारण हसे. बोगुमिलरावांनी पहाटे जाऊन जागा धरावी ऐसा डाव सांगितला, आणि मुलींच्या मातोश्री उर्शुलाबाईंनी अंड्याच्या पावांचा बंदोबस्त आपणांकडे घेतला, आणि मग फिरंग्याने भोळेपणी विचारिले की त्या गृहस्थांस थोडी वाट द्या म्हणोन सरळ का पुसत नाही. मसलतीतील सर्वांनी माना वळवोन त्याजकडे पाहिले.

"अनोळखी माणसांशी बोलायचं?" उर्शुलाबाई म्हणाल्या. "सुट्टीत?"

फिरंगी वरमला, आणि मसलत पुढे चालली.

शुक्रवारी पहाटे साडेचारास कूच जाहले. हरोलीस योविताबाई खांद्यावर हातोडा घेऊन, मध्ये फिरंगी कापडाची गुंडाळी वाहत, पिछाडीस मालविनाताई जांभया देत. सूर्य नुकताच पाण्यातून वर येत होता आणि उजाडले त्याचा त्यालाच पस्तावा व्हावा ऐसी थंडी होती. जिना उतरताना योविताबाईंनी मनी पुढील विजयाचे भाषण रचिले, आणि साठावे पायरीवर ते पुरे जाहले, आणि बासष्टावे पायरीवर खाली पाहिले तो गेरार्दराव, चपलांत मोजे घालोन, शेवटला खुंट ठोकीत होते. त्यांनी मान वर केली. योविताबाईंनी मान खाली घातली. "सुप्रभात" कोणी म्हटले नाही, कारण ओळख नव्हती.

तरी सरदाराने माघार घेतली नाही. गनिमाचे तटास तट लावोन, एक वीत अंतर सोडोन, रादोमकरांचा लाल कोट उभा राहू लागला. इकडून ठक, तिकडून ठक. योविताबाई खुंट ठोकीत, गेरार्दराव आपला ठोकलेला खुंट पुनश्च ठोकीत. फिरंग्याने एक खुंट तिरपा ठोकिला आणि तो वाऱ्याने उपटोन त्रुदाबाईंचे थर्मासवर पडला, आणि उभय पक्षी एकमेकांकडे न बघता ऐसा एक उसासा सोडण्यात आला की सीगल पक्षी उडाले. सात वाजेतो रादोमकरांपाशी उत्तम कोट होता, तिन्ही बाजूंनी अभेद्य, आणि आजीसाहेबांस त्याचा काडीइतका उपयोग नव्हता, कारण पायरी व पाणी यांमधील वाट तैसीच बंद राहिली. योविताबाई आपले अभेद्य कोटात बसोन अंड्याचा पाव खाऊ लागल्या आणि पावात वाळू निघाली.

तेव्हा फिरंगी म्हणाला की आपण वकिली करून पाहतो. मालविनाताईंनी त्यास बाही धरोन अडविले, परंतु प्रेमात पडलेले माणसास बाहीने अडवता येत नाही. तो गनिमाचे दारी गेला आणि बत्तीसही दात दावोन म्हणाला की नमस्कार, आपण कैसे आहात, काय सुंदर दिवस आहे. येणेप्रमाणे तीन घोडचुका एका दमात केल्या. गेरार्दरावांनी पिशवी आपणांकडे ओढिली. त्रुदाबाईंनी त्यास वरपासून खालपर्यंत न्याहाळोन कळविले की आम्हांस काही विकत घेणे नाही, आणि धर्म आमचा आहे तोच बरा आहे. वकील परत फिरला. घटकाभराने गनिमाने पिशवीतून आणिक एक कापड काढोन त्या बाजूचा तट दुहेरी केला.

"ते रागावले का?" फिरंग्याने विचारिले.

"घाबरले," मालविना म्हणाली. "तू हसलास ना."

ऐसे होता होता दहा वाजले, आणि जिन्यावर गलबला जाहला. पाहतात तो आजीसाहेब खासा उतरत होत्या. एका हाती काठी, दुसरे हाती उर्शुलाबाईंचा दंड, आणि मागे बोगुमिलराव काटकोनात वाकलेले, हाती घडीची खुर्ची. दर सात पायऱ्यांस मुक्काम. खोलीचे खिडकीतून लाटांचा आवाज येत होता आणि भिंत पाहून पाहून संपली, ऐसे आजीसाहेबांनी कळविले. शेवटल्या पायरीवर येऊन त्यांनी निळा-पिवळा तट पाहिला, मग डावीकडचा वळसा पाहिला, मग पायरीवरच बसल्या. बसताना त्यांनी चपला काढिल्या आणि शेजारी जोडीने ठेविल्या.

योविताबाई धावत गेल्या. आजीसाहेबांनी त्यांचे केसांतील वाळू झाडिली आणि म्हणाल्या, "इथनं पण दिसतं गं. कापडाच्या वर थोडं. पुरे आहे मला."

पुढील मजकूर इतिहासास नाजूक आहे. सरदाराचे डोळ्यांत वाळू गेली, ऐसे लिहिण्याचा हुकूम आहे. मग त्यांनी हातोडा टाकिला आणि एकट्या गनिमाचे तटापाशी जाऊन उभ्या राहिल्या. गनिमाकडे पाहिले नाही. हसल्या नाहीत. दर्याकडे तोंड करोन, वडिलार्जित पद्धतीने खोल श्वास घेऊन, कोणासही उद्देशोन नव्हे ऐसे बोलल्या, "काय मेला वारा आहे. याला जुलै म्हणायचं."

तटापलीकडे वर्तमानपत्र खाली आल्याचा आवाज आला.

"परवा याहून वाईट होता," गेरार्दराव म्हणाले. "माझी टोपी गेली परवा. नवी होती."

"टोपीचं काय घेऊन बसलात," आतून त्रुदाबाई. "माझी पाठ धरलीय वाऱ्यानं, ती दिसत नाही कुणाला."

"आमच्या बाबांची कंबर धरलीय," योविता म्हणाली. "सोमवारपासून सरळ उभे नाहीत."

"सोमवारपासून," त्रुदाबाई म्हणाल्या, आणि त्या शब्दांत जी माया होती ती फिरंग्याने आणिलेल्या बत्तीस दातांत नव्हती.

मग दरवाजे उघडले. तटावरून प्रथम त्रुदाबाईंचे डोके आले, मग गेरार्दरावांचे, आणि तक्रारींचा ऐसा सोहळा जाहला की वर्णन करिता लेखणी थके. पाणी थंड, वाळू ओली, तळलेला मासा तेलकट आणि लहान. भाड्याचे खोलीतील उशी म्हणजे धोंडा. वरील माळ्यावरचे लोक घोडे की काय. हाडांचे वैद्यापाशी नंबर लावावा तर तो पुढील साली येतो, आणि तोवर मनुष्य एक तर बरे होते, नाही तर मरते. गेरार्दरावांनी आपले गुडघ्याचे हाल सांगितले. त्रुदाबाईंनी त्यांचे गुडघ्याचे हाल दुरुस्त करोन पुनश्च सांगितले. वळसा घालोन बोगुमिलरावही वाकतच येऊन पोहोचले आणि त्यांची कंबर उभय पक्षी तपासण्यात येऊन वाखाणण्यात आली. पाव घटकेत दोन्ही राज्यांत ऐसा स्नेह जडला की जैसे एका ताटात जेवलेले.

आणि मग योविताबाई, आवाज होईल तितका सहज करोन, म्हणाल्या, "आमच्या आजीचे तर दोन्ही गुडघे गेलेत. ती बघा, पायरीवर बसलीय. इथून सरळ जायला जमतं तिला. वळसा नाही जमत."

गेरार्दरावांनी पायरीकडे पाहिले. चपलांची जोडी पाहिली. मग आपले तटाकडे पाहिले, जणू तो दुसऱ्याच कोणी तेथे बांधिला होता.

"कधीपासून?"

"मंगळवारपासून येतोय आम्ही."

"मग मंगळवारी का नाही बोललीस, पोरी?"

"ओळख नव्हती."

गेरार्दरावांनी विचार करोन मान डोलाविली. हे कारण त्यांस पटले. मग हातोडा न मागता, दोन्ही हातांनी, त्यांनी आपला खुंट हलवोन उपटिला, आणि दुसरा, आणि तिसरा, आणि तीन दिवसांचा अजिंक्य कोट मधोमध दुभंगला, आणि पायरीपासून लाटेपर्यंत चाळीस पावलांचा राजमार्ग खुला जाहला. त्रुदाबाईंनी वाटेवर आपली चटई अंथरिली. आजीसाहेबांनी कळविले की छे छे, इतका त्रास नको, मी येथेच बरी. त्रुदाबाईंनी आग्रह केला. आजीसाहेबांनी पुनश्च नकार दिला. तिसरे नकाराअंती, रिवाजाप्रमाणे, त्या उठल्या.

एकीकडे योविता, दुसरीकडे गेरार्दराव, मोजे काढोन. पहिली दहा पावले चटईवरोन. विसाव्यास आजीसाहेब थांबल्या, आणि सर्व फौज थांबली, आणि गुडघ्यांची समजूत काढण्यात आली. तिसाव्यास त्यांनी योविताचा हात सोडिला. चाळिसावे पावल पाण्यात पडले.

फिरंगी तोंड उघडे ठेवोन पाहत होता. परत आलेल्या योविताबाईंस त्याने एकीकडे नेऊन विचारिले, "तू त्यांना सांगितलंस तरी काय?"

"काही नाही," ती म्हणाली. "वारा आहे म्हटलं."

त्याने ते वहीत लिहोन घेतले. मग बराच वेळ चेहरा गंभीर ठेवण्याचा सराव केला, तो त्यास नीट जमला नाही, परंतु त्रुदाबाईंनी प्रयत्न पाहून त्यास उकडलेले अंडे अर्धे दिले.

आजीसाहेब पाऊण तास घोटाभर पाण्यात उभ्या होत्या. पदरी अकरा सालांचे बोलणे साठले होते. म्हणाल्या की पाणी आहे का बर्फ. म्हणाल्या की खाली खडे टोचतात. म्हणाल्या की पूर्वी लाटा याहून मोठ्या येत, आता त्यांतही काही राम उरला नाही. बाहेर या, सर्दी होईल, ऐसे तीन वेळा विनविले असता त्यांस ऐकू आले नाही, आणि खायला साय घातलेला गोड वाफल आणिला आहे म्हटले ते मात्र ऐकू आले, परंतु तोही त्यांनी तेथेच मागविला, आणि लाटेत उभ्याने, साय नाकास लावोन खाल्ला.

येणेप्रमाणे शुक्रवारी, पावणेबारा वाजता, वारा पश्चिमेचा असता, लेओकादिया आजीसाहेबांनी बाल्टिक दर्या काबीज केला. दर्या थंड निघाला; सबब आजीसाहेबांनी समक्ष उभे राहोन त्यास सक्त ताकीद दिली असे.