भरमाण्णाची हवेची नळी

भरमाण्णा कुणाच्याही दारात गेला की आधी दारातल्या सायकलच्या चाकाला अंगठा लावायचा आणि मग माणसाकडं बघायचा. चाक मऊ लागलं तर घरच्यांची विचारपूस राहायची बाजूला, आधी पंप मागायचा. पंप नसला तर स्वतःचा घेऊन यायचा. वडगावातल्या आमच्या गल्लीत त्या काळी गंजलेल्या सायकली होत्या, बिनब्रेकच्या होत्या, पण हवा कमी असलेली एकही नव्हती.

हे सायकलीवर थांबलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण तो उशी दाबायचा, पाव दाबायचा, फुगलेली भाकरी ताटात पडायच्या आत दाबायचा. माणसांचंही त्यानं माप ठरवून टाकलं होतं. सकाळी मी कचेरीला निघालो की जिन्याच्या तळाशी उभा राहून नुसत्या नजरेनं सांगायचा, "साहेब, आज तुमच्यात वीस पौंडबी न्हाय." धड चाकाला चाळीस पौंड हवा लागते, म्हणजे मी निम्म्याहून रिकामा. राग यायचा, पण त्याचं खोटं आहे असं म्हणता येत नव्हतं.

मी तालुका कचेरीत कारकून. माझ्या आधी कुणीतरी सही केल्याशिवाय कुठल्याही कागदावर मी सही केलेली नाही. वर कुणाची मर्जी गेली तर गुलबर्ग्याकडं बदली होते, हे भय मी रोज डब्याबरोबर घेऊन जायचो. त्यात आमचा भाग सीमेवरचा. चार माणसं पानाच्या दुकानापुढं जरा जास्त वेळ थांबली तरी पोलिसांची गाडी हळू व्हायची. मराठी माणूस, सरकार कर्नाटकाचं आणि स्वभाव असला. माझ्यासारख्यानं जगायचं म्हणजे भिंतीच्या कडेकडेनं चालायचं.

आणि नेमका माझ्या डोक्यावरच्या खोलीत भरमाण्णा राहत होता. यंत्रमागांची दुरुस्ती करणारा फिटर. लग्न नाही, बहीणभाऊ नाहीत, गावाकडं घरही उरलेलं नव्हतं. माझी बायको सुमन त्याला वाटीभर भाजी वर पाठवायची आणि तो वाटी कधी रिकामी परत करायचा नाही, निदान चार शेंगदाणे तरी घालायचा. मला कावीळ होऊन मी तीन आठवडे दवाखान्यात पडलो होतो, तेव्हा मागावरची पाळी सुटली की तो तेलकट कपड्यांनिशी यायचा, चादर बाजूला सारून माझ्या तळपायाला अंगठा लावायचा, सुमनला "हाय अजून" एवढं सांगायचा आणि निघून जायचा. शेजारच्या खाटांवरचे लोक हसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यानंतर काही महिन्यांनी मागाच्या पट्ट्यात त्याचा उजवा हात सापडला. हात वाचला, पण खांद्याच्या वर जाईना.

आता जत्रेचं सांगायला हवं. येळ्ळूरच्या वाटेवर एक लहान गाव आहे. तिथं चैत्रात रथ ओढतात. रथ चालू लागला की लोक कळसाच्या दिशेनं खारका आणि केळी फेकतात. नवस बोललेल्यानं फेकलेली खारीक कळसाला लागली की नवस फिटला. भरमाण्णानं असा एक नवस बोलून ठेवला होता आणि पाच वर्षं तो फिटत नव्हता. उजवा हात उठत नाही, डाव्याला नेम नाही. पहिल्या वर्षी खारीक हलगीवाल्याच्या फेट्यात गेली. एका वर्षी माझ्याच कानावर बसली, आणि मी तर त्याच्या मागं उभा होतो.

"दुसऱ्याकडून मारून घ्या की," मी म्हणायचो. तसं चालत होतं आमच्याकडं. पण तो ऐकायचा नाही. जीव आहे तोवर आपल्याच हातानं मारणार म्हणायचा. नवस कसला आहे ते विचारलं तर, सांगितला की तो फुकट जातो, एवढंच उत्तर. ज्याला मागंपुढं कुणी नाही त्याचा नवस कुणासाठी असणार? खांद्यासाठी असावा, असं मी धरून चाललो होतो.

पाचवी जत्राही तशीच गेली आणि त्यावर आठनऊ महिने उलटले. मग येळ्ळूरच्या एका शेतकऱ्याचा पंप भरमाण्णानं दुरुस्त करून दिला आणि येताना खांद्यावर प्लास्टिकच्या पायपांचे तुकडे घेऊन आला. शेताला पाणी न्यायला असल्या पायपा तेव्हा नव्यानंच आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यानं मला वर बोलावून सगळं समजावलं. जाड तुकड्याची दोन्ही तोंडं बंद करून त्यात हवा कोंडायची. हवा भरायला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल. पुढं नळाच्या चावीसारखा पितळी कॉक आणि कॉकच्या पुढं पुरुषभर लांब नळी. नळीत रबरी चेंडू. कॉक फिरवला की कोंडलेली सगळी हवा एकदम चेंडूच्या पाठीवर.

"म्हणजे बंदूक," मी म्हणालो.

"बंदूक कसली? पंपच हाय. जरा घाईतला."

फुटला तर काय, असं मी विचारलं. त्यावर त्यानं शांतपणे सांगितलं की लोखंड फुटायच्या आधी काहीतरी इशारा देतं, हे प्लास्टिक मात्र कुणाला विचारत नाही. म्हणून त्यानं त्या जाड पायपाला मागाचे जुने पट्टे करकचून गुंडाळले. मी खाली येऊन माझी खाट स्वयंपाकघरात हलवली. सुमननं कारण विचारलं तेव्हा इकडं हवा चांगली येते असं सांगितलं, आणि सांगितल्यावर लक्षात आलं की मीही आता हवेवरच बोलायला लागलो.

गच्चीवर बांबू उभा राहिला आणि बांबूच्या टोकाला कळस म्हणून आमचीच कळशी उपडी बसली. पहिल्या दिवशी आवाज झाला तेव्हा मी दाढी करत होतो. अजून गालावर खूण आहे. चेंडू तीन घरांवरून गेला. दुसऱ्या रविवारी आवाज जरा मोठा झाला, तर गल्लीच्या टोकाच्या दुकानदारानं कुठंतरी काहीतरी सुरू झालं असं समजून फळ्या लावून घेतल्या आणि त्याचं बघून आणखी दोघांनी. अर्ध्या तासात पेठ बंद. का बंद ते कुणालाच माहीत नाही. मला माहीत होतं आणि मी दाराला कडी लावून बसलो होतो.

तिसऱ्या रविवारी चेंडू पोलीस चौकीत गेला.

चेंडू हातात घेऊन आला तो बसप्पा नावाचा पोलीस, धारवाडकडचा, उंचापुरा. गच्चीवर त्यानं नळी पाहिली आणि माझ्याकडं पाहिलं. कचेरीत दिवसभर कन्नड लिहिणारा मी, पण त्या क्षणाला मला 'नमस्कार'सुद्धा आठवेना. गुलबर्गा, बिदर, रायचूर अशी गावं डोळ्यांपुढून सरकत गेली. भरमाण्णा मात्र पुढं झाला आणि म्हणाला, "देवर केलस री." देवाचं काम आहे.

बसप्पानं टोपी काढली. कुठला देव, कुठला रथ, सगळं विचारून घेतलं. त्यांच्याकडंही रथावर असंच केळं मारतात म्हणाला, त्याच्या आईचाही एक नवस दोन वर्षं हुकला होता. मग त्यानं वाकून नळीची दिशा पाहिली, बांबू चौकीच्या बाजूनं काढून ओढ्याच्या बाजूला लावायला सांगितला आणि जाताना स्वतः दहा पंप मारून गेला. मी तेवढा वेळ कठड्याला धरून उभा होतो.

जत्रेला आठ दिवस राहिले तोवर दहातले सात चेंडू कळशीला लागू लागले. सुमन भाजीची वाटी घेऊन गच्चीवर आली, थोडा वेळ बघत उभी राहिली आणि सहज म्हणाली, "आण्णा, पण देवाला चेंडू मारणार व्हय?"

भरमाण्णाचा कॉकवरचा हात खाली आला. तीन महिने त्यानं पौंड मोजले, वारा मोजला, आणि हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं, कारण मी फक्त तुरुंगाचा विचार करत होतो. त्यानं घाईनं नळीत खारीक घातली आणि कॉक फिरवला. हवा खारकेच्या चारी बाजूंनी फस्सकन निघून गेली आणि खारीक नळीच्या तोंडातून ओघळून त्याच्या पायाशी पडली. केळं घातलं, त्याचं शिकरण झालं. तो पायरीवर बसला. त्याच्यात किती पौंड उरलेत हे सांगायला अंगठा लावायची गरज नव्हती.

शेवटी वाट सुमननंच काढली. चोळीच्या खणाचा उरलेला तुकडा घेऊन तिनं चेंडूच्या मापाची गोल पिशवी शिवली आणि तीत खारका आणि खोबरं गच्च भरलं. भरमाण्णानं ती दाबून बघितली. हवा नाही, पण वजन आहे, असा निकाल दिला.

जत्रेच्या दुपारी आम्ही तिघं गेलो. शाळेच्या गच्चीवरून मारायचं असं ठरलं होतं, पण गर्दीत शिरतानाच बंदोबस्तावरच्या बसप्पानं आम्हाला अडवलं. त्याचा चेहरा पडला होता. नवे फौजदार आलेत, नळीसारखी वस्तू आत सोडायची नाही, असा हुकूम होता. त्यानं नळी घेतली आणि फौजदारांच्या टेबलाशेजारी उभी करून ठेवली. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली.

रथ हलला. खारकांचा मारा सुरू झाला. भरमाण्णा खणाचा तो गोळा हातात धरून उभा होता. एकदा डावा हात उचलला, खाली घेतला. मग तो बसप्पाकडं गेला आणि गोळा पुढं करून म्हणाला, "तुमीच मारा. औंदा फिटू दे."

बसप्पा ड्यूटीवर होता, त्याला हलता येईना. आणि मला एकदम वाईट वाटलं. बारा वर्षांचा शेजार आमचा, आणि हा परक्या पोलिसाला सांगतो. मी पुढं होऊन म्हणालो, "आण्णा, आणा इकडं. मी मारतो."

त्यानं हात मागं घेतला. "तुमी न्हाय."

"का? मला का नाही?"

तो रथाकडं बघत बारीक आवाजात म्हणाला, "दुसरं कुणीबी चालतंय, साहेब. ज्याच्यासाठी बोललं, त्यानं मारायचं नसतंय."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग दवाखान्यातली खाट आठवली, तेलकट कपडे आठवले, तळपायावरचा तो अंगठा आठवला. 'हाय अजून' म्हणून तो निघून जायचा तो कुठं जात असेल, हे मी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. शेजारी सुमन डोळ्यांना पदर लावून उभी होती. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नाही.

मी फौजदारांच्या टेबलाकडं गेलो. या वेळी कन्नड सुचत गेलं. मी कोण, कुठल्या कचेरीत, सगळं सांगितलं. नळी एकदाच उडवायची, गर्दी पुढं गेल्यावर, शाळेच्या गच्चीवरून, असं म्हणालो. फौजदार म्हणाले, आणि काही झालं तर? मी कागद मागून घेतला आणि त्यावर लिहिलं की या नळीमुळं काही झाल्यास जबाबदारी सर्वस्वी माझी. खाली सही केली. माझ्या आधी त्या कागदावर कुणाचीच सही नव्हती.

फौजदारांनी कागद ठेवून घेऊन नळी सोडली आणि बसप्पाला आमच्याबरोबर शाळेच्या गच्चीवर धाडलं. मी मारायचं नाही, पण हवा भरायला देवाची हरकत नसावी. पंप मी मारले. प्रत्येक पंपाला वाटायचं की आता फुटणार आणि पट्टे, प्लास्टिक आणि मी, तिघंही उडणार. भरमाण्णानं अंगठ्यानं थांब म्हटलं तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता. त्यानं डाव्या हातानं कॉक फिरवला. खणाचा गोळा रथाच्या मागून गेला आणि कळसावर लागून खालच्या झालरीत अडकला. आवाज गलक्यात बुडून गेला. हलगी वाजत होती, लोक पुढं चालले होते. आम्हा चौघांखेरीज कुणाला काही कळलं नाही.

भरमाण्णानं हात जोडले. उजवा हात डाव्यापर्यंत येताना त्याला दुखलं, ते दिसलं मला.

त्या कागदाचं पुढं काही झालं नाही. मी मात्र वर्षभर टपालाच्या प्रत्येक पाकिटाला घाबरलो. स्वभाव तसा एका जत्रेत बदलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीला निघालो तेव्हा तो जिन्याच्या तळाशी उभा होता. माझी सायकल त्याच्या शेजारीच होती. या वेळी मीच विचारलं, "आण्णा, आज किती पौंड?"

त्यानं माझ्या दंडाला अंगठा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"आता मोजत न्हाय," तो म्हणाला. "हाय, एवढं पुरं."

आणि मग वाकून त्यानं सायकलचं चाक दाबून बघितलं.