सापडली आहे, चांगली आहे

रस्ता आहे की नाही, हे रस्त्यावर नसून आकड्यांवर अवलंबून असते.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातला महामार्ग क्रमांक ७९७ (लांबी एकोणीस किलोमीटर, वळण एक, तेही उगाच) डनब्रे आणि पेल्टर या गावांना जोडतो. डनब्रेचे ऑर्व्हिल प्रोकोपचुक रोज या महामार्गाने पेल्टरच्या वृद्धाश्रमात बायकोला भेटायला जात. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून नमस्कार करीत. (दोन बोटे उचलणे हा तिकडे आगाऊपणा समजतात.)

एप्रिलमध्ये रस्तेखात्याने वाहनगणना काढली. दिवसाला पन्नासपेक्षा कमी गाड्या भरल्या, तर डांबर उखडून खडी टाकायची, असे शास्त्रशुद्ध धोरण होते. खडी म्हणजे बर्फ वितळला की चिखल, आणि चिखल म्हणजे बायकोची भेट महिनाभर बंद. आकडे शुद्ध राहावेत म्हणून गावाला काही कळवले नाही. पहाटे रस्त्यावर आडवी, चाक वरून गेले की गाडी मोजणारी काळी रबरी नळी टाकली, मोजणीच्या डब्याला जोडली आणि खाते परत गेले.

पहिली गाडी ऑर्व्हिलची. कुणाच्या तरी ट्रकमधून बागेची नळी पडली, असे समजून त्यांनी ती सोडवली, पुसली, नीट गुंडाळली आणि डोरीनच्या कॅफेच्या कुंपणावर अडकवली. वर चिठ्ठी: ‘सापडली आहे. चांगली आहे.’

"डबाही होता गं एक," ते डोरीनला म्हणाले. "कुलूप होतं, म्हणून हात नाही लावला."

"सज्जन माणूस! कुलूप नसतं तर तोही पुसून आणला असतास."

आठवड्याची गणना: वाहने शून्य.

हे कानावर येताच ऑर्व्हिल थेट खात्याच्या पेल्टरमधल्या कार्यालयात गेले आणि खिडकीतल्या बाईंना म्हणाले, "माफ करा बाई, नळी मीच काढली. मी रोज जातो त्या रस्त्यानं."

"माफी कशाला, काका? चूक करायला तिथं कुणीतरी जायला हवं ना! नोंदीप्रमाणे कुणी जातच नाही."

"मग आत्ता मी इथं आलो कसा?"

"तेच लेखी द्या."

अर्जात ‘कोणत्या रस्त्याने आलात’ याखाली रस्त्यांची यादी होती. तीतून ७९७ आदल्याच दिवशी वगळला होता. उरला एकच पर्याय: ‘आलो नाही’. ऑर्व्हिल प्रामाणिक. त्यांनी त्यावर खूण केली. अर्जदार गैरहजर, म्हणून अर्ज निकाली निघाला.

जूनमध्ये खडी पडली. पहिल्याच पावसानंतर ऑर्व्हिल गुडघाभर चिखलाने माखून दोन तास उशिरा पोहोचले.

"आता आलात होय?" बायको म्हणाली.

"छे! मी कुठं आलोय?"

वाचकहो, तुम्हाला हसू येणे स्वाभाविक आहे. यंदाचा हयातीचा दाखला दिलात ना बँकेत?

नाही? मग आत्ता हसलं कोण?