उंबऱ्यावरची बाराखडी

तपासनीस गुरुवारी येणार असल्याचं कार्ड आलं, तेव्हा चंद्रमतीबाईंच्या मराठी वर्गात अकरा मुलं होती, आणि त्यांतल्या एकालाही ‘क’ कुठे संपतो आणि ‘फ’ कुठे सुरू होतो याची खात्री नव्हती.

कार्डात आडपडदा नव्हता. मुलांना मराठी लिहिता-वाचता आलं नाही, तर वर्ग बंद आणि बाईंची बदली पापनाशमला. पापनाशम काही लंकेत नव्हतं, रेल्वेने तासाभराची वाट. पण वर्ग गेला की तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीत ही अक्षरं ओळखणारं पुढे कोणी उरणार नव्हतं, आणि त्या विचाराने बाईंना फिल्टरची कापी गोड लागेना.

दोष मुलांचा नव्हता. घरोघरी मराठी बोलत, पण लिहीत तमिळ अक्षरांत. वाण्याची यादी तमिळ अक्षरांत, सासरी गेलेल्या लेकीला पत्र तमिळ अक्षरांत. मराठी ही तोंडाने बोलायची गोष्ट आहे, ती लिहायची कशाला, असं सगळ्यांचं सरळ मत होतं. शाळेतला भिंतीतला फळा तर कोहळ्यासारखा पांढुरका झालेला. त्यावर खडूने लिहिलेलं फक्त लिहिणाऱ्याला दिसे. फळा काळा करून द्यावा, असा बाईंचा अर्ज दोन वर्षं कचेरीत पडून होता.

पण मार्गळीचा, म्हणजे मार्गशीर्ष-पौषाचा महिना होता. त्या महिन्यात तंजावूरच्या मुली उजाडण्यापूर्वी उठून दारात तांदळाच्या पिठाचं मोठं कोलम काढतात आणि मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोवतात. बाईंनी ठरवलं, फुलाशेजारी एक अक्षर. दर घरी वेगळं. गल्लीच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे चालत गेलं, की मुलांची बाराखडी व्हावी.

गल्लीतलं पहिलं कोलम हिराबाईंचं. सत्तरी उलटली तरी त्यांची रेघ कुठे हलत नसे. त्यांनी नात अंबुजाच्या हाताने अक्षर काढवून घेतलं आणि लगेच अडचण काढली. “अक्षर म्हणजे सरस्वती. तिच्यावर पाय पडला तर पोरं शिकतील की होतं तेही विसरतील?”

म्हणून त्यांनी पुढचं दार बंद करून टाकलं. हिराबाईंनी केलं ते गल्लीने केलं. दूधवाला परसातून येऊ लागला, पोस्टमन लांबून पत्रं भिरकावू लागला, एका घरी मुलगी बघायला आलेली मंडळी विहिरीपाशी चपला काढून स्वयंपाकघरातून आत गेली. मुंग्यांना मात्र ही शिस्त ठाऊक नव्हती. त्यांनी ‘ळ’चा अर्धा भाग खाल्ला आणि मुलांनी दोन दिवस पाटीवर तो अर्धाच गिरवला. तरीही मुलं शिकत होती. तपासणीच्या दिवशी तर प्रत्येक दारात अक्षराऐवजी अख्खा शब्द होता, हातभर मोठा.

नडलं ते हेच. १९६५ साल नुकतंच लागलं होतं. कॉलेजातली मुलं हिंदीच्या सक्तीविरुद्ध पेटली होती, आणि स्टेशनाच्या पाट्यांवरची नागरी अक्षरं डांबराखाली चालली होती. गुरुवारी सकाळी कोणीतरी त्यांना सांगितलं, की राजवाड्यामागे बायका दारोदार हिंदी काढून बसल्यात. नऊच्या सुमाराला दहा-बारा जण तमिळचा जयजयकार करत गल्लीत शिरले. पुढे प्राणेश नावाचा उंच मुलगा, हातात डांबराची बादली आणि केरसुणीएवढा ब्रश.

हिराबाई ओट्यावर पान लावत होत्या.

“पाट्टी, हे पुसायचंय,” आजीला हाक मारावी तसं प्राणेश तमिळमध्ये म्हणाला.

“पूस की, अप्पा,” त्याही तमिळमध्येच म्हणाल्या. “कोण नको म्हणतंय? पण कोलमावर पाय पडला तर तुझ्या आईला कळवीन.”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. शब्द मधोमध होता आणि कोलम भिंतीपासून गटारापर्यंत. बाहेरून हात पोचेना आणि आत पाय घालवेना, कारण त्या सगळ्यांना आया होत्या. प्राणेशने वाकून, लांबून नेम धरून पाहिला. तेवढ्यात ब्रशातलं डांबर त्याच्याच पायावर ठिबकलं.

हिराबाई नातीला मराठीत हळूच म्हणाल्या, “बघ गे, कान अगदी पापनाशमच्या राजमअक्काचे. ती तरी शहाणी होती.”

“राजम माझी आजी,” प्राणेश वाकल्या वाकल्या मराठीत बोलून गेला. “तुम्हाला ती कशी ठाऊक?”

मागून त्याचा मित्र त्यागराज म्हणाला, “डेय, तुला हिंदी येतं?”

“हिंदी नाही. मराठी. घरी बोलतो आम्ही, पणजोबांच्याही आधीपासून.”

“मग काय लिहिलंय ते वाच.”

प्राणेशने त्या शब्दाकडे बराच वेळ पाहिलं. शब्दानेही त्याच्याकडे पाहिलं. शेवटी अंबुजाला दया आली आणि ती पुटपुटली, “कमळ, अण्णा.”

“कमळ,” प्राणेश ठामपणे म्हणाला.

हे हिंदी नव्हे अशी मोर्चातल्या मुलांची खात्री पटली, पण बादलीचं काय? वाजतगाजत आणलेलं डांबर तसंच परत नेणं मानहानीचं होतं. चंद्रमतीबाई धावत येऊन पोचल्याच होत्या. त्या म्हणाल्या, काळं करायचंच असेल तर माझ्याकडे एक जागा आहे. मग मोर्चा घोषणा देत शाळेत गेला, हेडमास्तर कोठीत जाऊन बसले, आणि दोन वर्षं अडलेला फळा दहा मिनिटांत काळाकुळकुळीत झाला.

नेमके तेव्हाच तपासनीस सुब्रमण्यम घोडागाडीतून उतरले. फळा ओला होता, लिहिणं शक्य नव्हतं. बाई त्यांना गल्लीत घेऊन गेल्या. अकरा मुलं दारोदार उभी राहून वाचत गेली आणि तपासनीस चपला हातात घेऊन कडेकडेने चालत गेले. शेवटच्या दारापाशी त्यांनी घाम पुसला. त्यांना मराठी येत नव्हतं, आणि बाईंची साक्ष बाईंच्याच बाजूने कशी धरायची? इथे मराठी जाणणारा तिऱ्हाईत कोणी आहे का, असं त्यांनी विचारलं.

सगळी बोटं मागोमाग आलेल्या प्राणेशकडे वळली.

“सगळं बरोबर लिहिलंय?” तपासनिसांनी विचारलं.

प्राणेशने गल्लीभर नजर फिरवली. एकही अक्षर ओळखीचं नव्हतं. “एक चूक नाही, सर,” तो म्हणाला. तपासनिसांनी वहीत टिपून घेतलं, की लेखन स्थानिक मराठी विद्वानाने तपासले असून निर्दोष आहे. वर्ग राहिला, बदली रद्द झाली.

विद्वानाला मात्र चैन पडेना. सोमवारपासून तो कॉलेज सुटल्यावर येऊन मुलांच्या बुटक्या बाकावर, गुडघे कानांपाशी घेऊन बसू लागला. अंबुजा त्याचा हात धरून गिरवायला लावी आणि चुकलं की त्याचाच कान धरी.

पुढच्या मार्गळीत तपासनीस पुन्हा आले. पुन्हा गल्ली, पुन्हा चपला हातात, पुन्हा तोच प्रश्न. प्राणेश या वेळी प्रत्येक दारापाशी वाकून वाचत गेला.

“तीन चुका आहेत, सर,” तो अभिमानाने म्हणाला.

चंद्रमतीबाईंनी डोळे मिटले. पण तपासनीस हसले. चूक असली की हा सांगतो, म्हणजे गेल्या वर्षीचा शेरा खराच होता म्हणायचा, असं पुटपुटत त्यांनी वर्गाला आणखी एक वर्ष दिलं.

हिराबाई ओट्यावर पान जुळवत नातीला म्हणाल्या, “वाचता येत नव्हतं तोवर किती गुणाचा होता गे.”