खेचराची भिंत

"खेचर भिंतीवर चढणार असेल, तर ती भिंतच मी पाडतो!" खाटीक गालार्साने टेबलावर मूठ आपटली आणि मोलिनो क्लबाच्या सभेतले सगळे ग्लास जागच्या जागी उडाले.

दक्षिण स्टँडमागच्या त्या भिंतीवर आजवर तीनच चेहरे रंगवले गेले होते. एक तुटक्या बोटाने अख्खा हंगाम खेळलेला गोलकीपर, दुसरा लग्नाच्या दिवशी मांडवातून पळून सामन्याला आलेला राइट विंगर आणि तिसरे मैदानाला जागा देणारे पाद्री. पाद्रीबुवा कधी चेंडूला शिवलेही नव्हते, पण जागा दिल्यावर नाही कोण म्हणणार? चौथी चौकट गेली कित्येक वर्षं पांढरी होती. आणि क्लबाचा नऊ नंबर, वाल्तेर ओहेदा ऊर्फ खेचर, येत्या रविवारी शेवटचा सामना खेळून बूट टांगणार होता.

"शंभराच्या वर गोल मारलेत त्याने," ओस्वाल्दो पेर्तिकारी उठून म्हणाला. "आणखी काय त्याने पाद्री व्हायला पाहिजे?"

"रुळांपलीकडच्या वैऱ्यांकडे कोण गेला होता? सान रोकेकडून एक हंगाम कोण खेळला? आणि आपल्यालाच गोल मारून आपल्याच स्टँडसमोर कोण नाचला?"

"नाचला नव्हता तो. पाय मुरगळला होता!"

"दोन्ही हात वर करून पाय मुरगळतो होय रे कुणाचा?"

ओस्वाल्दोचं हार्डवेअरचं दुकान होतं, पण तिथे खिळ्यांपेक्षा खेचराचे गोलच जास्त खपत. बिजागरी मागायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर तो काउंटरवर नट-बोल्टांचे दोन संघ मांडायचा. हा बोल्ट खेचर, हा वॉशर चेंडू, असा वळला, अशी हुलकावणी दिली, आणि धाडकन! गिऱ्हाईक अर्ध्या तासाने डोळे पुसत निघायचं आणि बिजागरी काउंटरवरच राहायची. साऱ्या मोलिनोत गोल बघावा तर ओस्वाल्दोच्या डोळ्यांनी, असं लोक म्हणत.

आणि या ओस्वाल्दोने खेचराचा एकही गोल आजवर पाहिला नव्हता.

त्याचं असं झालं होतं. अकरा वर्षांपूर्वी, खेचर क्लबात नवा असताना, ओस्वाल्दो शिळं चोरीसो सॉसेज खाऊन सामन्याला आला आणि ऐन रंगात पोट धरून स्टँडमागच्या शेवटच्या संडासात पळाला. आत शिरून कडी लावतो न लावतो तोच गोल! पुढच्या रविवारी पोट ठणठणीत होतं. तो जागेवर बसून राहिला आणि खेचराने तीन सोप्या संधी मातीत घातल्या. मोलिनोतल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. चेंडू खेचराच्या पायात आला की ओस्वाल्दो उठे, संडासात जाई, भिंतीकडे तोंड करून उभा राही आणि आरडाओरडा ऐकून परत येई. घरी जाताना ट्रान्झिस्टरवर गोलाचं वर्णन ऐके आणि सोमवारी दुकानात नट-बोल्ट मांडे.

सभेत शेवटी गालार्सानेच अट घातली. "रविवारी जिंकलो नाही तर आपण खालच्या विभागात जाणार. खेचराने गोल मारून क्लब वाचवला, तर चित्र काढताना शिडी मी धरीन. नाही मारला, तर भिंत पांढरीच राहील. कायमची!"

सगळ्यांनी हात वर केले. अध्यक्ष म्हणाले, "आणि मैदानावर खेचराला मानाची तबकडी ओस्वाल्दो देईल. सामनाभर तो मानाच्या खुर्चीवर बसेल, खेचराच्या आईशेजारी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मानाच्या खुर्च्या अगदी मैदानाच्या काठावर होत्या. तिथून उठायचं म्हणजे साऱ्या गावाच्या नाकासमोरून जायचं, आणि बसून राहायचं म्हणजे खेचराचा गळा आपल्याच हाताने दाबायचा!

घरी नेलिदाने बातमी ऐकली आणि आधी नवऱ्याचा मुका घेतला, मग कपाळावर हात मारला. "अरे पण तुझं ते लघवीचं? तिथून दर पाच मिनिटांनी उठणार आहेस का? रविवारी सकाळपासून पाण्याचा थेंब द्यायची नाही मी तुला."

तिची अशी समजूत होती की नवऱ्याला अकरा वर्षांपासून तो विकार आहे. त्यापायी तिने त्याचा माते, म्हणजे कडू पानांचा चहा, बंद केला होता, आणि आमच्याकडे माणसाचा माते बंद करणं म्हणजे त्याचं निम्मं आयुष्य काढून घेणं. वर रोज मक्याच्या केसांचा काढा. ओस्वाल्दोने काढा पिऊन टाकला.

रविवारी तो नवा कोट घालून एल्बाबाईंशेजारी बसला. खेचराची आई अंगापिंडाने चांगली भरलेली होती आणि भीती वाटली की शेजाऱ्याची बाही धरायची तिला सवय होती. सामना सुरू झाला आणि तिने जी ओस्वाल्दोची बाही धरली ती सोडलीच नाही.

पूर्वार्धातच पाहुण्यांनी गोल चढवला. मग चेंडू खेचराकडे आला, समोर नुसता गोलकीपर. ओस्वाल्दो उठायला गेला, बाहीने त्याला खाली ओढलं. त्याने निदान डोळे तरी घट्ट मिटले. चेंडू आडव्या खांबावरून थेट पिठाच्या गिरणीच्या आवारात गेला.

"माझ्या पोराला झालंय तरी काय?" एल्बाबाई कळवळल्या.

काय झालंय ते ओस्वाल्दोला ठाऊक होतं. झालेलं ते त्यांच्या शेजारीच बसलं होतं.

उत्तरार्धात आमच्या एका बचावपटूच्या गुडघ्याला लागून चेंडू कसाबसा आत गेला आणि बरोबरी झाली. पण बरोबरी पुरणार नव्हती. खेचराने पुन्हा एक मारला, तो खांबाला लागून परतला.

"ताई, मला जरा जाऊ द्या," ओस्वाल्दो काकुळतीला आला. "पोटात कसंतरी होतंय."

"पोटात? अहो डॉक्टर, इकडे या!"

क्लबाचे डॉक्टर मागच्याच खुर्चीवर होते. ते खरे दातांचे डॉक्टर. त्यांनी ओस्वाल्दोला तोंड उघडायला लावलं, एक दाढ काढायला झालीय म्हणून सांगितलं आणि खांदे दाबून परत बसवलं.

आणि सामना संपता संपता पेनल्टी मिळाली.

खेचराने चेंडू उचलून ठिपक्यावर ठेवला. मोलिनोत पेनल्टीच्या वेळी काय करायचं ते कुणी कुणाला सांगत नाही. सारा स्टँड एका दमात मागे वळला. म्हाताऱ्या, तान्ह्या पोरांना घेतलेल्या बाया, ढोलवाले, एवढंच काय, गावच्या वर्तमानपत्राचा फोटोवालासुद्धा कॅमेरा छातीशी धरून मैदानाकडे पाठ करून उभा राहिला. ऐकायचं फक्त. पाहुणे ओरडले तर चुकली, पाहुणे गप्प झाले तर गोल.

ओस्वाल्दोला राहवलं नाही. त्याने दोन्ही हात मागे टाकले, खांदे आखडले आणि कोटातून निसटला. एल्बाबाईंच्या हातात नुसता कोट उरला. तो शर्टावर धूम पळत सुटला, आणि स्टँडला वळसा घालून मागे पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं की साऱ्या गावाची पाठ मैदानाकडे आहे, म्हणजे तोंडं नेमकी त्याच्याकडे आहेत. हजारभर माणसं आ वासून त्याला बघत होती. पुढच्याच रांगेत नेलिदा होती.

आता थांबून उपयोग नव्हता. त्याने शेवटच्या संडासाचं दार धाडकन उघडलं आणि तो जागीच थिजला.

आत भिंतीला कपाळ टेकवून, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून गालार्सा उभा होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मार रे खेचरा," तो पुटपुटत होता, "मार माझ्या राजा, मार!"

"तू?" ओस्वाल्दो किंचाळला.

"दार लाव आधी!"

"ही माझी जागा आहे!"

"पाहुण्यांकडचा संडास तुंबलाय आज. एरवी मी तिथेच असतो. पहिल्या वर्षापासून."

"अरे, पण सभेत तू त्याच्या नावाने शंख करत होतास!"

"मग काय हार घालू?" गालार्साने बाहीला नाक पुसलं. "पूर्वी एकदा, फक्त एकदा, मी दुकानात म्हणालो, पोरगा चांगला आहे. त्याच रविवारी त्याने पेनल्टी घालवली. तेव्हापासून शिव्या देतोय. भिंत पाडीन म्हणालो ते काय हौसेने? छातीवर दगड ठेवून म्हणालो!"

इतकी वर्षं या माणसाशी त्याने भांडण केलं होतं, त्याच्याकडचं मांस बंद केलं होतं, त्याच्या मुलीच्या लग्नालाही गेला नव्हता.

"आता बाहेर जा," तो कसाबसा म्हणाला. "इथे एकानेच असायला पाहिजे."

"तूच जा. मी आधी आलोय."

"एका संडासात दोघे असले तर काय होतं रे?"

गालार्साचा चेहरा पांढराफटक पडला. "मला काय माहीत? कधी करून पाहिलेलं नाही!"

दोघेही एकमेकांना बाहेर ढकलू लागले, आणि तेवढ्यात सगळं शांत झालं. पाहुणे गप्प होते. मग छपराचे पत्रे थरथरतील अशी आरोळी आमच्या स्टँडातून उठली, आणि ज्यांनी एकमेकांची गचांडी धरली होती ते दोघे तशीच गचांडी धरून रडू लागले.

क्लब वाचला. तबकडी ओस्वाल्दोने शर्टावरच दिली. घरी गेल्यावर मात्र नेलिदाने काढ्याचा पेला टेबलावर आपटला.

"विकाराचा माणूस असा पळत नाही. आणि खाटकाच्या गळ्यात पडून संडासातून बाहेर येत नाही. खरं काय ते सांग."

त्याने सगळं सांगितलं.

"म्हणजे तुला माते प्यायला काहीच हरकत नव्हती?"

"नव्हती."

"तुला वाईट वाटू नये म्हणून मीही सोडला रे! अकरा वर्षं!"

हे त्याला ठाऊकच नव्हतं. नेलिदाने काढा मोरीत ओतला, कपाटाच्या तळातून मातेचं भांडं काढलं, घासूनपुसून भरलं आणि आधी स्वतः प्याली.

त्या आठवड्यात दुकानांच्या पाट्या रंगवणारी इर्मा भिंतीपाशी ब्रश घेऊन आली. तिला तीच पेनल्टी रंगवायची होती. कुठल्या पायाने मारली? कुठल्या कोपऱ्यात? तोंड कसं झालं होतं? तिने साऱ्या गावाला विचारलं. गावाची पाठ होती. फोटोवाल्याची पाठ होती. रेडिओवाला नुसता "गोऽऽल" म्हणून ओरडला होता आणि ओरडता ओरडता त्याचा घसा बसला होता. पाहुण्यांनी पाहिली होती, पण त्यांना विचारायला जाणार कोण? त्यापेक्षा भिंत पांढरी राहिलेली बरी.

"ओस्वाल्दोकाकांना विचार," जो तो म्हणे. नैसर्गिक घाईने गेले असतील बिचारे, पण त्यांना सगळं कळतं, अशी गावाची अजूनही श्रद्धा होती.

ओस्वाल्दो दुकानात नट-बोल्ट पुढ्यात घेऊन डोकं धरून बसला होता. आता खोटं रंगवलं तर ते कायमचं भिंतीवर राहणार आणि खरं सांगितलं तर खेचराच्या शंभर गोलांचा सगळ्यात मोठा साक्षीदार खोटा ठरणार. इतक्यात दारावरची घंटी वाजली. खेचर स्वतः आत आला होता, अंगावर साधा स्वेटर, हातात ओस्वाल्दोचा कोट.

"आईने पाठवलाय, काका. बाही शिवलीय तिने."

ओस्वाल्दोने कोट काउंटरवर ठेवला. "वाल्तेर, बाळा, एक सांगायचंय. मी तुझा एकही गोल पाहिलेला नाही. एकही नाही. मी संडासात असायचो."

खेचर खुर्चीवर मट्‌कन बसला.

"तो हुलकावणीचा? डोक्याने मारलेला? तो सुद्धा नाही?"

"नाही रे. तुझ्यासाठीच गेलो. पण आता निदान पेनल्टी तरी सांग. तू कशी मारलीस ती? इर्मा दारात येऊन बसलीय."

खेचराने कान लाल होईपर्यंत मान खाजवली.

"मी पेनल्टीला डोळे मिटतो, काका. सुरुवातीपासून. आईला विचारलं तर म्हणते, मी कोटाकडे बघत होते." त्याने एक बोल्ट उचलून अलगद मधोमध ठेवला. "म्हणून तर मी तुमच्याकडे आलो."

भिंतीवर खेचर आज डोळे मिटून उभा आहे आणि पुढ्यात चेंडू नाही. इर्माने रंगवलं तेव्हा शिडी गालार्साने धरली होती, आणि तो खालून सारखा ओरडत होता की असल्या गाढवाला भिंतीवर चढवणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे.