पेटीपाशी अकरा मिनिटे

मुलाच्या त्या पत्राला नानांनी उत्तर लिहिले नाही, असे म्हणणे बरोबर होणार नाही. उत्तर त्यांनी एकोणीस वेळा लिहिले. पाठवले मात्र एकदाही नाही. पत्र येऊन सहा वर्षे झाली होती. दोन पाने, निळी शाई आणि शेवटी एकच प्रश्न: ‘मी एक दिवस उशिरा पोचलो, नाना. तुम्ही आईच्या उशाशी होता. शेवटी ती माझ्याविषयी काही बोलली का?’

एवढ्याशा प्रश्नाला उत्तर द्यायला कोणी पंडित लागत नाही. अडचण अशी होती की नाना उशाशी नव्हतेच. महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या बायकोला त्या संध्याकाळी जरा हुशारी वाटत होती. “दिवसभर पुस्तकात डोकं खुपसून बसलाय. पायांची लाकडं होतील. एक चक्कर मारून या,” असे तिने नेहमीप्रमाणे फर्मावले आणि नाना नेहमीप्रमाणे कुरकुरत गेले. चाळीस मिनिटांनी परत आले तेव्हा घरात फक्त भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज होता. डॉक्टरांनी विचारले, जवळ कोण होते? नानांच्या तोंडून निघून गेले, मी होतो. मग तेच शेजाऱ्यांना सांगितले, तेच नातेवाइकांना, आणि तेच दुसऱ्या दिवशी बॅग हातात घेऊन धावत आलेल्या मुलाला. नानांनी छत्तीस वर्षे एका छापखान्यात मुद्रिते तपासली होती. एकदा नजरेतून सुटलेली चूक हजार प्रतींत हजार वेळा छापली जाते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

छापखान्यात त्यांना ‘थांबाजरा’ म्हणत. कुठलेही मुद्रित ते तीनदा वाचत, आणि कोपऱ्यात ‘छापावे’ लिहून सही करायची वेळ आली की म्हणत, “थांबा जरा.” शेवटी मालक स्वतः टेबलापाशी येत, न बोलता तळहात पुढे करत आणि कागद नानांच्या बोटांतून ओढून नेत. पुस्तके निघत ती त्या तळहातामुळे. घरी असा तळहात कोणाचा नव्हता. त्यामुळे एकोणिसावा खर्डा पाकिटात गेला, पाकिटावर पत्ता आला, तिकीटही चिकटले, आणि ते पाकीट नानांच्या सदऱ्याच्या खिशात मुक्कामाला राहिले. सदरा बदलला की पाकीट खिसा बदलत असे, एवढाच काय तो त्याचा प्रवास.

फिरणे मात्र नानांनी त्या संध्याकाळपासून सोडले. कारण कोणी विचारले तर गुडघ्याकडे बोट दाखवत. गुडघा बिचारा धडधाकट होता. मग सहा वर्षांत पोट पुढे आले, रक्तातली साखर वर गेली, आणि जिना चढताना नाना मधल्या पायरीवर भिंतीची रंगरंगोटी पाहायला थांबू लागले.

हे सारे नातीच्या डोळ्यांतून सुटणे शक्यच नव्हते. ती दुसऱ्या गावी आईवडिलांजवळ राहून फिजिओथेरपी शिकत होती, आणि शिकणाऱ्याला सगळे जग रोगी दिसते. सुट्टीत आली तशी तिने नानांना उठायला लावले, बसायला लावले, एका पायावर उभे केले, आणि निकाल दिला की नानांच्या पायांपेक्षा त्यांच्या खुर्चीच्या पायांत जास्त जोर आहे. तिने दोन मनगटी घड्याळे आणली होती. एक नानांसाठी, दुसरे तिच्या बाबांसाठी, कारण तेही ऑफिसात दिवसभर खुर्चीला चिकटलेले. घड्याळ पावले मोजणार, छातीचे ठोके मोजणार, माणूस कुठे आहे ते सांगणार, आणि सगळा हिशेब तिच्या घरातल्या तिन्ही फोनवर पाठवणार.

“म्हणजे हे चुगली करतं,” नाना म्हणाले.

“काळजी घेतं, नाना.”

“तुझ्या आजीचंही हेच म्हणणं असायचं.”

यावर नात हसली. नाना हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते निघाले. नातीला नाही म्हणणे त्यांना जमत नसे. खरे तर कोणालाच जमत नसे. निघालोच आहोत तर पत्रही टाकून येऊ, असे त्यांनी ठरवले. टपालपेटी कोपऱ्यावर, चांभाराच्या टपरीशेजारी होती. नाना पेटीपाशी गेले, पाकीट काढले, तोंडापर्यंत नेले, आणि त्यांच्या मनात आले की दुसऱ्या पानावर ‘मी तेव्हा घरात नव्हतो’ हे वाक्य फार वर आले आहे. जरा खाली हवे होते. की वरच बरे? छातीत धडधड सुरू झाली. अकरा मिनिटांनी ती ओसरली ती पाकीट परत खिशात गेल्यावरच. नाना घरी आले. नात गावी परतली. आणि हा रोजचा परिपाठ होऊन बसला.

घड्याळाने आपले काम चोख बजावले. चालताना ठोके ऐंशी. सात चाळीसला नाना थांबतात, थांबल्यावर ठोके एकशे बारा. अकरा मिनिटांनी पुन्हा ऐंशी. पाचव्या दिवशी नातीचा फोन आला. नाना, रोज एकाच जागी काय करता? नाना म्हणाले, चपलेचा पट्टा निघाला होता. पुढच्या दिवशी म्हणाले, जुने ओळखीचे गृहस्थ भेटले. त्याच्या पुढच्या दिवशी सुचेना, म्हणून पुन्हा पट्टा काढला. खोटे बोलण्यात नानांचा हात तसा कधी बसलाच नव्हता. आयुष्यात एकच खोटे पक्के छापले गेले होते, बाकीची अशी रद्दीत जाण्याच्या लायकीची.

“अकरा मिनिटं कोणी चपलेचा पट्टा लावतं का?” तिकडे सून म्हणाली. “दम लागतोय त्यांना, आणि ते लपवतायत.”

हे सगळ्यांना पटले. लपवण्याचा भाग तर खराच होता.

नानांची रवानगी डॉक्टरांकडे झाली. हे डॉक्टर सावकाश बोलणारे आणि त्याहून सावकाश समजणारे. त्यांनी छातीचा आलेख काढला, निर्दोष निघाला. चालत्या पट्ट्यावर चालवले. नाना बारा मिनिटे चालले आणि उतरताना त्यांनी भिंतीवरच्या आहाराच्या तक्त्यातल्या दोन चुका दाखवल्या. मग चोवीस तास अंगाला तारा लावून घरी पाठवले. मीठ बंद, साखर बंद, तळलेले बंद, आणि उकडलेल्या भाज्या सुरू. आठ दिवसांनी डॉक्टरांनी सगळे कागद पुढे पसरले.

“माणूस चालला की ठोके वाढतात, थांबला की उतरतात,” ते म्हणाले. “तुमचं उलटं आहे. मी असं कुठे वाचलेलं नाही.”

नानांना त्यांची दया आली. निदान नऊ वर्षे डोळे फोडून शिकलेला माणूस आपल्यामुळे पुस्तके धुंडाळणार! आता सांगून टाकावे असे वाटले. थांबा जरा, असेही वाटले. आणि डॉक्टरांनीच तोडगा काढला: तुम्ही त्या बाजूला जाऊच नका, उलट दिशेने फिरा.

नाना उलट दिशेने फिरू लागले. ठोके ऐंशीच्या वर जाईनात. तीन दिवस तिकडे आनंदीआनंद झाला. चौथ्या दिवशी नानांना खिशातले पाकीट जड वाटू लागले, आणि ते संध्याकाळी, सगळे आपापल्या कामात असतील अशा बेताने, हळूच पेटीकडे गेले. घड्याळाला सकाळ आणि संध्याकाळ सारखीच. एकशे सोळा.

आता सुनेने सूत्रे हातात घेतली. ती शाळेत भूगोल शिकवायची, आणि कुठलाही प्रश्न नकाशात सुटतो यावर तिची श्रद्धा होती. तिने नानांच्या गल्लीचा नकाशा पडद्यावर मोठा केला आणि तिला टपालपेटीपासून चार हातांवर विजेचा ट्रान्सफॉर्मर दिसला. रोग माणसात नाही, जागेत आहे! तिने वीज कार्यालयाला पत्र लिहिले. उत्तर आले नाही, तेव्हा दुसरे लिहिले. तिसऱ्यात ‘ज्येष्ठ नागरिक’, ‘हृदय’ आणि ‘जबाबदार कोण’ हे शब्द एका ओळीत आले, आणि चौथ्या दिवशी सकाळी दोन माणसे शिडी घेऊन हजर झाली.

नाना पोचले तेव्हा ट्रान्सफॉर्मरभोवती दोर बांधून झाला होता. दोर मोकळ्या हाताने बांधला होता, त्यामुळे टपालपेटीही आत गेली होती. वर पाटी लटकत होती: ‘धोका. येथे थांबू नये.’

“कधी सोडणार दोर?” नानांनी विचारले.

“साहेब तपासून गेले की.”

“साहेब कधी येणार?”

त्या माणसाने शिडी खांद्यावर घेतली. “आजोबा, कोणीतरी तक्रार केलीय. तक्रार असली की वेळ लागतो.”

सहा वर्षे पेटी उघड्या तोंडाने उभी होती तेव्हा नानांना पत्र टाकवले नव्हते. आता दोर पडला तसे त्यांना वाटले की टाकायचे ते आजच, आत्ताच. ते दोरापाशी उभे राहिले. हात लांब करून पाहिला. वीतभर कमी पडला. दोराखालून जावे तर वाकण्याची सवय मोडलेली. पाठीमागून चांभार शांतपणे म्हणाला, “काका, द्या मी टाकतो.” हे ऐकून नानांनी पाकीट असे काही छातीशी धरले की चांभाराने पुन्हा चपलेत डोके घातले. एकशे अठ्ठावीस. तिकडे तिन्ही फोन एकदम वाजले.

त्या रात्रीच्या गाडीने मुलगा निघाला आणि सकाळी दारात उभा राहिला. बॅग तीच होती, सहा वर्षांपूर्वीची.

“चला,” मुलगा चहाही न घेता म्हणाला. “रोज जाता तिथे मला न्या.”

दोघे निघाले. मुलाचे केस कानांवर पांढरे झालेले नानांना पहिल्यांदाच दिसले. चालताना तो किंचित धापत होता. ऑफिसातली खुर्ची नातीने म्हटल्यापेक्षा वाईट असावी. बोलणे हा त्या घराण्याचा गुण नव्हता; तो सगळा नानांच्या बायकोकडे होता, आणि ती गेल्यापासून बापलेक रविवारी फोनवर हवामानाची चौकशी करत.

पेटीपाशी येऊन नाना थांबले. मुलाने पाटी वाचली, दोर पाहिला, ट्रान्सफॉर्मर पाहिला.

“अकरा मिनिटं, नाना. रोज. मी ऑफिसात सगळं काम बाजूला ठेवून तो आकडा बघत बसतो.” त्याने नानांच्या मनगटाकडे बोट केले. “मागच्या वेळी मला उशीर झाला होता. या वेळी व्हायला नको. काय होतंय ते मला खरं सांगा.”

नानांनी खिशात हात घातला. पाकिटाचे कोपरे गोल झाले होते, तिकिटाची एक कड सुटली होती, पण पत्ता वाचता येत होता. मुलाने तो वाचला. आपलेच नाव, आपलेच घर.

“तुझ्या पत्राचं उत्तर आहे,” नाना म्हणाले.

“कुठल्या पत्राचं?” असे मुलाने विचारले नाही. त्याने बापाला आयुष्यात एकच पत्र लिहिले होते. त्याने सावकाश तळहात पुढे केला. लहानपणी शाळा सुटल्यावर तो छापखान्यात येऊन बसायचा. मालकांचा तळहात त्याने किती वेळा पाहिला असेल कोण जाणे.

नानांची बोटे सवयीने सैल झाली. मग त्यांनी ती पुन्हा घट्ट केली.

“नको. पोस्टाने येईल.”

“मी समोर उभा आहे, नाना.”

“म्हणूनच. माझ्यासमोर वाचलंस, तर मी मध्येच दुरुस्त्या करायला लागेन.” नानांनी श्वास घेतला. “आणि त्यात दुरुस्ती करण्यासारखं काही नाही. त्यात लिहिलंय ते खरं आहे. आधी सांगितलं होतं, ते नव्हतं. घरी जाऊन वाच. तुझ्या खुर्चीत बसून. मग मला कितीही बोल.”

मुलाने काही क्षण बापाकडे पाहिले. तळहात मागे घेतला आणि त्याच हाताने दोर उचलून धरला. नाना वाकले. गुडघ्याने तक्रार केली नाही. सहा वर्षांचे बहाणे उघडे पडले. ते दोराखालून पलीकडे गेले आणि पाकीट पेटीच्या तोंडात अर्धे सरकवले.

तेवढ्यात घड्याळ थरथरले. नानांनी सवयीने आपले मनगट पाहिले. शहात्तर. थरथर दोरापलीकडून येत होती. मुलाच्या मनगटावर लाल अक्षरे लुकलुकत होती: तुम्ही स्थिर उभे आहात, ठोके एकशे चोवीस आहेत, कृपया बसा. मुलगा त्या अक्षरांकडे पाहत होता आणि त्याला काही वाचता येत नसावे, कारण त्याचे डोळे भरले होते.

“घाबरू नकोस,” नाना पेटीआडून म्हणाले. “अकरा मिनिटांत उतरतात.”

आणि त्यांनी बोटे सोडली.