ओरड कुठे पाठवायची?

राजेश्वरीचा फोन टिंग वाजला की सत्यमच्या पोटात दुखायचं. लोणावळ्यातल्या त्या बंगला-बुकिंगच्या ऑफिसात दोघं एकाच दिवशी लागले होते, पण मालक रियाजभाई उठता-बसता म्हणायचे, "राजेश्वरीला विचारा." प्रोग्राम लिहिला सत्यमने, आणि बंगल्यांची उत्तरं मात्र तिच्या फोनवर! भाईंनी एकदा तरी आपलं नाव घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं.

तो प्रोग्राम बंगलेवाल्यांच्या सिस्टिमला निरोप धाडायचा. निरोपाच्या माथ्यावर पत्ते असायचे: निरोप कुणाला, उत्तर कुठे, आणि काही चुकलं तर ओरड कुठे. शुक्रवारी सत्यमने उत्तराच्या जागी राजेश्वरीचा पत्ता काढून स्वतःचा घातला. ओरडीच्या ओळीतही तिचाच पत्ता होता; ती ओळ तर पुसूनच टाकली. तिला काही म्हणता काही मिळू नये!

संध्याकाळभर "बुकिंग पक्कं, बुकिंग पक्कं" वाचत स्वारी खुशीत कुरवंड्याला घरी गेली.

शनिवारी सकाळी टिंगटिंग थांबेना. ओरडीला वेगळा पत्ता नसला की ती उत्तराच्याच पत्त्यावर येते, हे तो जळफळाटात विसरला होता. "खोली शिल्लक नाही." "तारीख चुकीची."

"आरं, कोन मेलंय का?" आई भाकरी थापता थापता ओरडली.

"न्हाई गं, हपिसचं हाय," म्हणत त्याने फोन उशीखाली कोंबला आणि जेवायला बसला.

दुपारी कार्ल्याहून बंगलेवाल्या श्रीपतीआबांचा फोन आला. "पोरा, तुमी धाडल्यालं पाव्हनं ब्यागा घिऊन दारात बसल्यात. जागा न्हाई म्हून कळवलंतं की!"

कळवलं होतं खरंच. उशीखाली.

सोमवारी रियाजभाईंनी दोघांना बोलावलं. नोकरी गेली, असं धरूनच सत्यम म्हणाला, "भाई, पत्ता मी बदलला."

"माहितेय. आबांनी इथेही फोन केला होता. पाहुण्यांची सोय राजेश्वरीने लावली." भाई हसले. "अरे, ही कधीची मागे लागलीये, सुट्टीच्या दिवशी लोकांच्या शिव्या खाते, हे काम दुसऱ्याला द्या म्हणून. कुणी तयार होईना. तू आपणहून घेतलंस! आता राहू दे तुझ्याकडेच."

"थँक्यू रे, सत्यम," राजेश्वरी अगदी मनापासून म्हणाली आणि तिने चिक्कीचा पुडा त्याच्यापुढे ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाहेर कुणीतरी चिडून काही विचारत होतं. "सत्यमला विचारा," भाई ओरडले.

सत्यमचा फोन वाजला. राजेश्वरीचा टेबलावर गप्प पडला होता, आणि त्या गप्प फोनकडे बघताना सत्यमच्या पोटात पुन्हा दुखू लागलं.